वृद्धांची शुश्रूषा : काम आणि त्यातले समाधान दोन्ही टिकावे यासाठी

वृद्धांच्या शुश्रूषेत येऊ पाहणाऱ्या व्यक्तीने आधी एक गोष्ट समजून घ्यावी, ती म्हणजे या कामाचे फळ रुग्णालयातल्या इतर विभागांसारखे दिसत नाही. प्रसूती विभागातून बाळंतीण बाळाला घेऊन घरी जाते, अस्थिरोग विभागात प्लास्टर निघते आणि रुग्ण चालू लागतो. परंतु ८५ वर्षांच्या, अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेल्या आजी पूर्ण बऱ्या होतील अशी अपेक्षा डॉक्टरांनीही ठेवलेली नसते. अंथरुणाला खिळून सहा महिने झाले तरी पाठीला एकही जखम नाही, जेवताना ठसका लागणे थांबले आहे, पूर्वी दिवसभर डायपरवर असणाऱ्या आजी आता सांगून कमोडच्या खुर्चीवर बसतात, ही त्या घरातली यशे आहेत आणि ती घडवून आणणारी व्यक्ती बहुतेक वेळा रुग्णसहायक असते. ज्यांना हे यश ओळखता येते आणि घडवता येते, ते या कामात टिकतात व रमतात, अशी माझी ठाम धारणा आहे. म्हणूनच पुढील मार्गदर्शनात कामाचे कौशल्य आणि कामाचे समाधान या दोन गोष्टी मी वेगळ्या मांडलेल्या नाहीत.

या क्षेत्रात कामाची वाण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि ती वाढतच आहे. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत मुले परगावी किंवा परदेशी असलेली घरे तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत.

शिक्षण आणि मर्यादा

या कामासाठी ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हा अभ्यासक्रम सर्वाधिक प्रचलित असून तो सेक्टर स्किल कौन्सिलच्या (त्या क्षेत्रातील कौशल्य-प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) धर्तीवर चालणाऱ्या अनेक केंद्रांत, साधारणतः दहावीनंतर करता येतो. केवळ वृद्धसेवेसाठीचे प्रशिक्षणही केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली दिले जाते. संस्था निवडताना जाहिरातीपेक्षा दोन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात : सरावासाठी रुग्णशय्या, व्हीलचेअर आणि पुतळा असलेली खोली तिथे आहे का, आणि अभ्यासक्रमाचा काही काळ प्रत्यक्ष रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात काढावा लागतो का. रुग्णाला हात न लावता मिळालेल्या प्रमाणपत्राचा पहिल्याच ड्यूटीवर काही उपयोग होत नाही. प्रशिक्षणाच्या काळातच हेपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा (पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी) डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण करून घ्याव्यात, कारण रक्त आणि मलमूत्र यांच्याशी तुमचा रोजचा संबंध येणार आहे.

रुग्णसहायक आणि परिचारिका या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, हे प्रशिक्षणार्थींनी मनाशी पक्के करावे. परिचारिका होण्यासाठी एएनएमचा (सहायक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो, आणि त्यानंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, मूत्रनळी किंवा नाकातली अन्ननळी घालणे, औषधाची मात्रा बदलणे ही कामे रुग्णसहायकाची नव्हेत. घरी काम करताना मात्र ‘ताई, तुम्हाला येतंच की, द्या ना एवढं इंजेक्शन’ असा आग्रह हमखास होतो आणि तो करणारी माणसे वाईट नसतात. रात्री अकरा वाजता परिचारिका कुठून आणायची, ही त्यांची खरी अडचण असते. अशा वेळी ‘हे मी केले आणि आजोबांना काही झाले, तर तुम्हालाही त्रास होईल, मी सिस्टरना फोन लावून देते’ असे शांतपणे आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगावे. एकदा होकार दिला की पुढच्या वेळी नकार देणे फार अवघड जाते.

पहिले काही दिवस

नव्या घरी पहिल्या दिवशी औषधांचा तक्ता समजून घेणे आवश्यकच आहे, परंतु त्याबरोबर माणूस समजून घेण्यासाठीही वेळ मागून घ्यावा. सकाळी किती वाजता उठतात, चहा आधी की दात घासणे आधी, कोणत्या कानाने कमी ऐकू येते, चष्मा कोणता, कवळी रात्री कशात ठेवतात, हरिपाठ ऐकतात की बातम्या, हे सारे प्रश्न घरच्यांना आणि शक्य असेल तर खुद्द त्या व्यक्तीला विचारावेत. त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हेही विचारून घ्यावे. ‘आजी’, ‘आजोबा’ ही हाक बहुतेकांना गोड वाटते, पण आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या मुख्याध्यापिकेला ‘बाई’ ही हाक अधिक जवळची वाटू शकते आणि निवृत्त अधिकाऱ्याला ‘साहेब’ म्हटल्यावर त्यांचा ताठ कणा परत आलेला दिसतो. तुम्हाला घरातले लोक कोणत्या नावाने हाक मारतील, हेही त्याच वेळी नम्रपणे सांगून टाकावे.

एक जाडसर वही सुरू करावी. तिच्यात रोज जेवण किती झाले, पाणी किती प्याले, लघवी व शौच केव्हा झाले, झोप कशी होती, रक्तदाब, नाडी व साखर किती, कातडी कशी आहे, कोणाशी काय बोलले, हे वेळेसह लिहावे. या वहीचे महत्त्व मी कितीही सांगितले तरी थोडेच आहे. पंधरा दिवसांनी येणाऱ्या डॉक्टरांना ‘तब्येत बरी नाही’ यापेक्षा ‘मंगळवारपासून पाणी निम्मे झाले आहे आणि लघवी गडद होते’ हे वाक्य किती तरी उपयोगी पडते. शिवाय महिनाभरापूर्वीचे पान उलटून पाहिल्यावर आजोबा तेव्हा दोन घास खात होते आणि आज अर्धी वाटी गुरगुट्या भात संपवतात, हे तुमचे तुम्हालाच दिसते; रोज जवळून पाहणाऱ्याच्या नजरेतून असे बदल निसटतात.

तिसरी सवय म्हणजे जे काम त्या व्यक्तीला स्वतः करता येते, ते तिच्याकडूनच करून घेणे. सदऱ्याची बटणे लावायला आजोबांना दहा मिनिटे लागतात आणि तुम्हाला अर्धे मिनिट, हे खरे. पण घाईने तुम्ही ती रोज लावू लागलात, तर काही आठवड्यांत त्यांची बोटे ते काम विसरतात आणि एकदा गेलेली क्षमता या वयात सहसा परत येत नाही. अर्धांगवायू झालेल्यांना कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा आणि काढताना तो सर्वांत शेवटी काढावा. उरलेले काम चांगल्या हाताला करू द्यावे. मायेपोटी सगळे हातात आणून देणारे नातेवाईक या बाबतीत तुमच्यावर रागावण्याची शक्यता असते, तेव्हा कारण त्यांना आधीच समजावून सांगणे शहाणपणाचे.

अंघोळ किंवा स्पंजिंग करताना दार आणि पडदे लावावेत, पुढे काय करणार हे प्रत्येक टप्प्यावर सांगावे, आणि शरीराचा जेवढा भाग पुसत आहात तेवढाच उघडा ठेवून बाकी अंगावर चादर असू द्यावी. आधी डोळे व चेहरा, मग हात, छाती, पाय, पाठ आणि शेवटी, पाणी व कापड बदलून, गुप्तांगे असा क्रम ठेवावा. स्त्रियांच्या बाबतीत पुढून मागे पुसावे, म्हणजे लघवीच्या मार्गात संसर्ग होण्याची शक्यता कमी होते. आयुष्यभर सोवळ्या-मर्यादेत वावरलेल्या आजींना परक्या माणसाने अंग पुसणे मरणप्राय वाटू शकते. पहिले चार दिवस त्यांनी नकार दिला तर नुसते हात-पाय आणि तोंड पुसावे. विश्वास बसला की पुढचे त्या आपण होऊन सांगतात.

कूस, उठबस आणि घास

हाताने करायची जी मुख्य कौशल्ये आहेत, त्यांत शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाखालच्या कातडीला होणारी जखम, न होऊ देणे हे मी पहिल्या क्रमांकाचे मानते. स्वतःहून हलू न शकणाऱ्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावी लागते. माकडहाड, कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडे, टाचा, घोटे, कोपर, खवाटे आणि डोक्याचा मागचा भाग ही धोक्याची ठिकाणे आहेत. पूर्ण कुशीवर झोपवण्याऐवजी पाठीमागे उशी देऊन शरीर सुमारे तीस अंश कलते ठेवले, तर कमरेच्या हाडावर सगळा भार येत नाही, आणि पोटऱ्यांखाली उशी घेतली की टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतात. रुग्णाला वर सरकवताना खाली घातलेली आडवी चादर दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून सरकवावी. ओढल्याने आतली कातडी फाटते. अंघोळीच्या वेळी ही ठिकाणे रोज तपासावीत. लाल झालेला भाग बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिला, तर ती जखमेची पहिली पायरी होय. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने स्पर्श करून तो भाग आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतो का, हे पाहावे. अशा भागाला तेल चोळून मालिश करण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण त्याने आतल्या पेशींना अधिक इजा होते. त्या भागावरचा भार काढणे आणि डॉक्टरांना कळवणे हाच उपाय. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलावी लागत नाही, हाही गैरसमजच आहे.

उठबस करवताना तुमची कंबर आणि त्यांचा खांदा या दोन गोष्टी जपायच्या असतात. व्हीलचेअर चांगल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरकी लावून तिचे ब्रेक आधी लावावेत, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) दुमडावेत, रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून मिनिटभर थांबावे, कारण एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. मग आपले गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून उभे करावे. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात आणि सांधा सहज निसटतो. रुग्ण पडू लागलाच तर ताकदीने उचलून धरण्याऐवजी त्याला आपल्या अंगावर टेकवत हळूहळू जमिनीवर बसवावे.

भरवण्याचे काम सोपे समजले जाते, परंतु अर्धांगवायू, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत सर्वांत जास्त सावधगिरी इथेच लागते, कारण घास श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, भरवणारा समोर आणि त्यांच्याच उंचीवर बसलेला, लहान चमचा, आणि आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास, अशी शिस्त ठेवावी. अशा रुग्णांना पाणी आणि चहासारखे पातळ पदार्थ गिळणे उलट कठीण जाते, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्यास पेज किंवा नाचणीची आंबील घट्टसर करून द्यावी. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये आणि गालात अन्न साठलेले नाही ना, हे पाहून तोंड स्वच्छ करावे. खोकला न येताही आवाज ओलसर, घरघरता झाला, तर जेवण थांबवून कळवावे.

मधुमेही व्यक्ती आणि एकादशी यांचा मेळ घालणे हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. इन्सुलिन किंवा गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि जेवण मात्र टळले, तर साखर धोकादायक रीतीने उतरते. दुसरीकडे दिवसभर साबुदाण्यावर काढल्यास ती वाढते. उपवास मोडायला लावून वृद्धांचे मन दुखावण्यापेक्षा, आदल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून त्या दिवसाचे औषध आणि आहार ठरवून घ्यावा. घाम, थरथर, चिडचिड किंवा गुंगी दिसली आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असला, तर व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकावर फोन करावा.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर न उचलला जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तरीही १०८ लाच फोन करावा आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आजी शेवटच्या नीट बोलल्या त्या किती वाजता, हे त्या घरात बहुधा केवळ तुम्हालाच ठाऊक असते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसोबत

‘मला घरी जायचंय’ असे स्वतःच्याच घरात बसून म्हणणाऱ्या आजींशी वाद घालून काही साधत नाही. ‘घरी कोण कोण असतं हो?’ असे विचारून त्यांना बोलते करावे, थोडे फिरवून आणावे, हातात निवडायला मेथी किंवा वळायला वाती द्याव्यात. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून दिवे लवकर लावावेत आणि टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. जुन्या ओव्या, पाढे, भजने बहुतेकांच्या आठवणीत दीर्घकाळ राहतात. नातवाचे नाव विसरलेली व्यक्ती अभंगाची पुढची ओळ बिनचूक म्हणते, आणि त्या वेळी तिच्याबरोबर म्हणणारे कोणी असणे हीच तिची त्या दिवसाची शुश्रूषा असते.

एक कटू प्रसंग जवळजवळ प्रत्येक रुग्णसहायकाच्या वाट्याला येतो. ‘हिने माझी बांगडी चोरली’ असा आरोप आजी करतात. तो आजाराचा भाग असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनाला लागतोच. म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर दागिने आणि रोकड कुलपात ठेवायला सांगावी, अंगावरच्या दागिन्यांची नोंद वहीत करून त्यांची सही घ्यावी, आणि असा आरोप होऊ शकतो हे त्यांच्या कानावर आधीच घालावे. आरोप झाला तर ‘चला, दोघी मिळून शोधू’ असे म्हणून खरोखर शोधू लागावे. बहुतेक वेळा ती वस्तू उशीच्या अभ्र्यात किंवा डब्यात सापडते. मात्र नेहमी शांत असणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागली किंवा ओळखेनाशी झाली, तर ते वयावर ढकलू नये. लघवीचा संसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ किंवा एखादे नवे औषध हे त्याचे कारण असू शकते आणि त्यावर उपचार होतात. असा बदल सर्वांत आधी तुमच्या लक्षात यावा आणि आजोबा आठवड्याभरात पुन्हा पूर्ववत व्हावेत, यासारखे समाधान मला या व्यवसायात दुसरे आढळलेले नाही.

स्वतःच्या अटी

थकलेल्या आणि अपमानित माणसाला यातले काहीच नीट करता येत नाही, म्हणून अटींची बोलणी संकोच न करता करावीत. बारा तासांची ड्यूटी की चोवीस तासांची, चोवीस तासांची असल्यास सलग झोपेचे तास किती आणि त्या वेळी रुग्णाजवळ कोण थांबेल, जेवण कोणाचे, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, पगार कोणत्या तारखेला, ब्यूरोमार्फत (काम मिळवून देणाऱ्या संस्थेमार्फत) काम असल्यास त्यांचा हिस्सा किती, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. रुग्णाचे कपडे, भांडी आणि खोली हे तुमचे काम आहे. संपूर्ण घराचा स्वयंपाक आणि धुणे हे नव्हे. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरात काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू असून तक्रार जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे करता येते. रुग्णाकडून पैसे किंवा दागिने घरच्यांच्या नकळत घेऊ नयेत आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्याचे टाळावे. याउलट, वृद्धाला मारहाण किंवा उपासमार होताना दिसली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवता येते. त्यासाठी तुम्ही नातेवाईक असण्याची गरज नाही.

या कामात मृत्यू येतो आणि ज्यांची वर्षभर कूस बदलली त्यांच्या जाण्याने रडू येणे स्वाभाविक आहे. अंत्यदर्शनाला आणि दहाव्याला जायची इच्छा असेल तर जावे. बहुतेक घरे ते मनापासून स्वीकारतात. पुढचे काम लगेच दुसऱ्या दिवशी सुरू करण्याची घाई ब्यूरोने केली, तरी जमल्यास चार दिवस थांबावे. वही कुटुंबाच्या स्वाधीन करावी आणि थोड्या दिवसांनी त्यांच्याकडून अनुभवपत्र मागून घ्यावे, ज्यात कामाचा कालावधी, रुग्णाचा आजार, तुम्ही सांभाळलेल्या जबाबदाऱ्या आणि, खरोखर तसे असेल तर, संपूर्ण काळात शय्याव्रण झाले नाही ही नोंद असावी. पुढच्या घरी पगाराची बोलणी करताना हे पत्र समोर ठेवता येते, आणि बारावी होऊन एएनएमला प्रवेश घेण्याचा विचार असेल, तर सांगण्यासारखे तुमच्याजवळ पुष्कळ काही असते.